वीज खराब, म्हणून सूर खराब?

वऱ्हाडात विजेबद्दल काहीही वाईट सांगा, ऐकणारा मान डोलावतो. त्याला पुरावा लागत नाही. २००५ नंतरची काही वर्षे ज्यांनी भारनियमनाच्या वेळापत्रकावर आपले दळण, स्वयंपाक आणि पोरांचे अभ्यास बसवले, त्यांना 'लाईन' ही भरवशाची वस्तू कधी वाटलीच नाही. अकोल्याजवळ पारसला औष्णिक वीजकेंद्र, अमरावतीजवळ नांदगाव पेठेला दुसरे. तरी ओलिताचे पंप सुरू झाले की दर्यापूर-अंजनगावकडच्या गावांत संध्याकाळचे दिवे डोळे मिचकावतात. हा अनुभव खरा आहे. आणि या खऱ्या अनुभवाच्या आडून एक न तपासलेले विधान घरात शिरते: वीज खराब आहे म्हणून तुमच्या स्टिरिओचा आवाज खराब आहे, तेव्हा पॉवर कंडिशनर लावा, आवाज उजळून निघेल.

हे ऐकून घेणारा वर्ग ठरलेला आहे. नोकरीतून मोकळे झालेले प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, डॉक्टर. आयुष्यभर ट्रान्झिस्टरवर आणि टेपवर गाणे ऐकले, आता जरा चांगले ऐकू, म्हणून स्पीकर आणि अॅम्प्लिफायर घेतलेले. अमरावतीत तर सुरेश भटांच्या जन्मगावी राहून त्यांची गझल नीट ऐकू येऊ नये, ही खंत समजण्यासारखीच आहे. या कंडिशनरच्या पेटीची किंमत काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत कुठेही असू शकते. प्रश्न श्रीमंतीचा असता तर लिहायची गरज नव्हती. पण ही पेटी घेतल्यावर माणूस ज्या धोक्याकडे पाहायचे थांबतो तो धोका जीवघेणा आहे, म्हणून लिहितो आहे.

आधी पेटीत काय असते ते पाहू. स्वस्त पेटीत विजेचा अचानक उसळलेला झटका शोषून घेणारे एमओव्ही नावाचे चकतीसारखे भाग असतात, आणि गुंडाळी व कपॅसिटर यांचा फिल्टर असतो. त्याहून महाग पेटीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर येतो. अगदी महागात घरातली वीज आधी डीसी करून तिच्यापासून पुन्हा नवी २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज तयार केली जाते. हे शेवटचे यंत्र सोडले तर बाकीच्या बहुतेक पेट्या व्होल्टेज वाढवत नाहीत. आत १८० आले तर बाहेर १८०च. दर्शनी भागावरचा निळा आकडा व्होल्टेज दाखवतो; ते सुधारत नाही. व्होल्टेज सुधारायचे काम स्टॅबिलायझरचे, आणि तो कैकपट स्वस्त मिळतो.

आता अॅम्प्लिफायरकडे या. भिंतीतली वीज तो थेट कधीच वापरत नाही. ट्रान्सफॉर्मर ती खाली उतरवतो, चार डायोडांचा पूल तिला एका दिशेला वळवतो, आणि मोठे कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरत-रिकामे होत तिची लाट सपाट करतात. नाजूक भागांसाठी पुढे रेग्युलेटर असतो. त्यात उरलेसुरले काही डोकावलेच तर फीडबॅक ते दाबतो. नीट बनवलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये ही उरलेली घरघर संगीताच्या सर्वोच्च पातळीच्या ९० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असते. म्हणजे विजेची साफसफाई करणारे यंत्र तुम्ही आधीच विकत घेतलेले आहे, ते अॅम्प्लिफायरच्या पोटात आहे. आणि एखाद्या कंपनीने ते इतके गचाळ बनवले असेल की भिंतीतला कचरा स्पीकरमधून ऐकू यावा, तर परत करायचा तो अॅम्प्लिफायर. त्याच्यापुढे आणखी एक पेटी लावायची काय गरज?

वऱ्हाडातला ग्राहक इथे रास्त शंका काढेल: आमच्याकडे व्होल्टेज खरेच पडते, त्याचे काय? पडते. लघुदाबाच्या ग्राहकाला ६ टक्के कमी-जास्त चालते असा नियम आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. आणि फीडरच्या शेपटाला असलेल्या गावात संध्याकाळी १८० दिसणे नवलाचे नाही. अशा वेळी साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्प्लिफायरमधला आतला डीसी पुरवठा सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून ५० वॉटचा अॅम्प्लिफायर ३० वॉटचा होतो. ऐकायला भयंकर वाटते. कानाच्या हिशेबात तो फरक जेमतेम दोन डेसिबलचा आहे. तोही फक्त तेव्हा, जेव्हा तुम्ही आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवलेली असते. दिवाणखान्यात बसून ऐकताना अॅम्प्लिफायर सरासरी एखाददुसरा वॉट देत असतो. त्या पातळीला १८० आणि २३० यांत सुराचा फरक नाही, कारण अॅम्प्लिफायर आवाज किती पटीने वाढवेल हे पुरवठ्यावर ठरत नाही. व्होल्टेज त्याहूनही खाली गेले की मात्र रेग्युलेटर हात टेकतात, घरघर येते, यंत्र बंद पडते. त्यावर उपाय स्टॅबिलायझर. हल्लीचे बरेचसे नवे अॅम्प्लिफायर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात. त्यांना तर याचेही सोयरसुतक नाही.

विजेचा दर्जा कानाला खरोखर कळत होता असा एक काळ मात्र होऊन गेला, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. सिंक्रोनस मोटरवर फिरणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरची तबकडी विजेच्या वारंवारितेशी बांधलेली असते. १९९०च्या दशकात मागणी पुरवठ्याला झेपत नसे आणि ग्रिडची वारंवारिता ५० वरून ४९च्याही खाली घसरे. ४९ म्हणजे दोन टक्के मंद. दोन टक्के म्हणजे अर्धस्वराचा साधारण तिसरा हिस्सा. नुसते ऐकणाऱ्याला काही कळत नसे, कारण गायक, तंबोरा, तबला सगळेच मिळून उतरत. पण रेकॉर्डसोबत हार्मोनियम घेऊन बसलेल्या माणसाचा षड्ज जुळत नसे, आणि तो बिचारा हार्मोनियमवाल्याला दोष देई. पश्चिम विभागात १ जुलै २००२पासून वारंवारितेशी जोडलेली वीजदराची पद्धत आली आणि चित्र पालटू लागले. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाला जोडले. आता अकोल्याची आणि चेन्नईची वारंवारिता एकच, आणि ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा दंडक आहे. तेव्हाचा तो दोष ऐकू येत होता, मोजता येत होता आणि त्याचे कारण सांगता येत होते. आजच्या पेटीबद्दल यातले एकही म्हणता येत नाही. नवी वीज तयार करणारे सर्वांत महाग यंत्र सोडले, तर फिल्टरच्या पेटीला तेव्हाही तो दोष घालवता आला नसता.

मग लोकांच्या स्पीकरमधून घरघर येते ती कुठून? बहुतेक वेळा विजेच्या तारेतून नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या एका घरी गाणे थांबले की खर्जात एक अखंड गुणगुण ऐकू येई. त्यासाठी पेटी आणली गेली. जाड अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, मागे आठ सॉकेट. गुणगुण होती तिथेच. पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने ती ऐकली आणि म्हणाला, "काका, हे डबडं कायले घेतलं? पयले तो केबलचा वायर काढून पाहा ना." टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये खोचलेली केबलवाल्याची जाड तार काढली आणि गुणगुण त्या क्षणाला थांबली. कारण साधे होते. केबलचे वरचे जाळीचे आवरण खांबावर कुठेतरी जमिनीला टेकलेले, अॅम्प्लिफायर घरच्या अर्थिंगला. दोन्ही जमिनींची पातळी सारखी नाही, म्हणून त्यांच्यातला प्रवाह ऑडिओच्या तारेच्या आवरणातून वाहत होता. काही शे रुपयांच्या आयसोलेटरचे काम. घरघर ५० हर्ट्झची, म्हणजे अगदी खालच्या खर्जातली असेल तर साधारणपणे असा अर्थिंगचा फेरा शोधावा. १०० हर्ट्झची, किंचित खरखरीत असेल तर अॅम्प्लिफायरचे कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता धरावी. लाईन गेल्यावरच आवाज येत असेल तर स्वस्त, चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर हा संशयित. यांतल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि बहुतेक उपाय कंडिशनरपेक्षा स्वस्त आहेत.

काही ठिकाणी पेटीचा उपयोग होतो, हेही खरे. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्पीकरमध्ये टक्क आवाज येत असेल तर फिल्टर कधी कधी तो कमी करतो. रेकॉर्डिंग स्टुडिओत पन्नास यंत्रे एकमेकांना जोडलेली असतात, तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काम देतो. पण या ऐकू येणाऱ्या, दाखवता येणाऱ्या तक्रारी आहेत. विक्रेता जे विकतो ते वेगळे: आवाजाला 'खोली' येईल, गायिका 'पुढे' येईल, 'पार्श्वभूमी काळीभोर' होईल. एप्रिलच्या अकोल्यात ही काळीभोर पार्श्वभूमी कोणत्या घरात सापडायची? वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर पूर्ण वेगात चालू असतो, त्याची घरघर साठ डेसिबलच्या आसपास जाते, आणि बाहेर पारा ४५च्या पुढे असल्यामुळे तो बंद करायची कोणाची छाती नसते. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चारही भिंती उघड्या. टाळी वाजवा, खोली तीच टाळी परत करते. जाड सतरंजी, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले स्पीकर यांनी जो फरक पडतो तो आजीलाही ऐकू येतो. पण सतरंजीवर कमिशन किती मिळणार?

जठारपेठेतले काका मात्र गुणगुण थांबल्यावरही म्हणाले, "तरी पेटीनं आवाज जरा मोकळा झालाय." ते खोटे बोलत नव्हते. २००८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोनदा दिली. एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. महाग म्हटलेली लोकांना जास्त आवडली. इतकेच नाही, मेंदूतल्या सुखद अनुभवाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. किंमत कळली की अनुभवच बदलतो. कानाचेही तसेच. म्हणून 'मला फरक ऐकू येतो' ही साक्ष प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही. ब्रिटनमधल्या क्वाड कंपनीच्या तीन अॅम्प्लिफायरांची, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, १९७८ साली डोळ्यांआड तुलना झाली होती. अनुभवी श्रोत्यांना कोणता कोणता हे विश्वासार्हपणे सांगता आले नाही. अख्खे अॅम्प्लिफायर बदलून ही गत, तर भिंत आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधल्या पेटीने गायिका पुढे यावी हे मानायला फार भक्कम आधार हवा. मला तो आजवर दिसलेला नाही.

घरच्या घरी तपासणे अवघड नाही. तुम्ही पाठ करून बसा; घरातल्या दुसऱ्या कोणीतरी नाणे उडवून प्लग कधी पेटीत, कधी भिंतीत लावावा, दोन्ही वेळा तितकाच वेळ घ्यावा आणि तोंडाने काही बोलू नये. आवाजाची कळ हलवायची नाही. दहा फेऱ्या करा. इथे एक सावधगिरी: दहापैकी आठ बरोबर आले की माणूस खूश होतो, पण निव्वळ अंदाजाने ठोकणाऱ्या अठरा जणांतल्या एखाद्यालाही आठ किंवा जास्त बरोबर येतात. नऊ आले तर मात्र गोष्ट गंभीरपणे घ्यावी. दुकानदाराने ही चाचणी करू द्यायला नकार दिला, तर त्यातच बरेच काही कळते.

दुकानदाराकडून दावा लिहूनही घ्यावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पुरेशा चाचणीचा आधार नसताना वस्तूच्या गुणाची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि चाचणी झाली आहे असा बचाव घेतला तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकते. बिलावर 'ध्वनीचा दर्जा सुधारतो' एवढे तीन शब्द लिहून मागितले की दुकानातली भाषा कशी बदलते ते पाहण्यासारखे असते. गायिका लगेच मागे जाते.

इथपर्यंतचे नुकसान पैशांचे. खरा इशारा याच्यापुढे आहे.

पेटी घेतलेला माणूस समजतो की आता यंत्र सुरक्षित झाले. आपल्याकडे घरातल्या वस्तू जळतात त्या बऱ्याचदा न्यूट्रल तुटल्यामुळे. डीपीवरून, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. वादळात किंवा सैल जोडामुळे न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे ४०० व्होल्टच्या दोन टोकांत एकामागोमाग अडकतात. ज्या घरात कमी वापर चालू असेल त्या घरात व्होल्टेज ३५०च्या वर जाऊ शकते, आणि ते क्षणभर नाही, कोणीतरी डीपीवर चढेपर्यंत. एमओव्ही बनलेला असतो सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाणाऱ्या झटक्यासाठी. ३५० व्होल्ट सलग मिळाले की तो काही सेकंदांत तापून फुटतो, आणि आत उष्णतेने तुटणारा फ्यूज नसेल तर पेटीलाच आग लागू शकते. या धोक्यावर उपाय आहे तो व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की मुख्य लाईनच तोडणारा कट-ऑफ. तो मीटरजवळच्या बोर्डात बसतो, दिवाणखान्यात दिसत नाही, आणि साऱ्या घराचे रक्षण करतो. टीव्ही, फ्रिज, पंपासकट. व्होल्टेज रोजच पडत-चढत असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर जपून ठेवावा; ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे जायची वेळ आली तर तोच कामी येतो.

आणि अर्थिंग. गुणगुण घालवायचा एक झटपट उपाय सर्रास सांगितला जातो: अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाका. गुणगुण जाते, कारण फेरा तुटतो. त्याबरोबर संरक्षणही तुटते. पुढे कधी ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले तर अॅम्प्लिफायरचे पत्र्याचे अंग २३० व्होल्टवर येते, आणि ऑडिओच्या तारांच्या आवरणातून ते रेकॉर्ड प्लेअरच्या धातूच्या दांडीपर्यंत पोचते. ओल्या हाताने तिला शिवणारे नातवंडही असू शकते.

याहून वाईट प्रकार जुन्या वाड्यांत आणि घाईने बांधलेल्या घरांत आढळतो. घराला अर्थिंगच नसते, म्हणून न्यूट्रलचीच तार सॉकेटच्या अर्थच्या भोकात जोडून दिलेली असते. महागड्या कंडिशनरवर 'ग्राउंड ओके' असा हिरवा दिवा असतो. अशा सॉकेटमध्येही तो हिरवाच पेटतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज नाही एवढेच त्याला दिसते, आणि ते नसणारच, कारण दोन्ही एकच तार आहे. ज्या दिवशी न्यूट्रल मागे कुठे तुटेल त्या दिवशी घरातले अर्थिंगला जोडलेले प्रत्येक धातूचे अंग जिवंत होईल, दिवा काहीही सांगो. हा दिवा पाहून निश्चिंत झालेली घरे मला पेटीच्या किमतीपेक्षा जास्त अस्वस्थ करतात.

म्हणून पेटीआधी वायरमन बोलवावा. त्याने प्रत्येक सॉकेटचा अर्थ खरा आहे का ते उघडून पाहावे आणि मुख्य बोर्डात विजेची गळती होताच लाईन तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. बाहेर जमिनीत पुरलेला अर्थिंगचा सुमारे अडीच मीटरचा जीआय पाईप शेवटचा कधी तपासला हे बहुतेक घरांत कोणालाच आठवत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोट-तेल्हाऱ्याकडे, खारट ओलीने तो आतून सडतो आणि वरून धडधाकट दिसतो. काळ्या जमिनीत अडचण वेगळी. उन्हाळ्यात माती आक्रसून पाईपपासून सुटते, भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध वाढतो. अर्थ टेस्टरने माप घ्यायचे तर मे महिन्यात, जमीन फाटलेली असताना घ्यावे. पाऊस पडून गेल्यावर मोजले तर आकडा चांगलाच येतो, आणि कंत्राटदाराला नेमके तेव्हाच मोजायचे असते.